जग मिथ्या, मग घडणावळ कशाची?

प्रश्न एका ताईंचा आहे. राहणार नागपूर, वय 45, बँकेत नोकरी, मुलगा यंदा दहावीला, घरी स्मृतिभ्रंश झालेल्या सासूबाई. 4 वर्षांपासून वेदांताच्या वर्गाला जातात. त्या लिहितात, "वर्गात बसले की सगळं पटतं. घरी येऊन कुलूप उघडलं की पाच मिनिटांत सगळं सांडून जातं. परवा सासूबाईंनी मलाच विचारलं, तू कोण गं? रात्रभर रडले. जग मिथ्या असेल तर भांडी कोणाची आणि घासायची कोणी? अद्वैत रोजच्या जगण्यात सापडतं तरी कुठे? की सरळ रजा टाकून महिनाभर आश्रमात जाऊन राहू?"

ताई, मी संन्यासी नाही. इतवारीच्या सराफ्यात 40 वर्षं सोनं घडवलं. त्यातली 28 वर्षं गुरुजींपाशी बसून उपनिषदं शांकरभाष्यासकट वाचली. आता दुकान मुलगा बघतो आणि रविवारी सकाळी मी घरीच पाचसात जणांना घेऊन वाचतो. त्यामुळे माझं सांगणं थोडं गल्ल्यावरचं असेल, ते चालवून घ्या.

पहिली गाठ 'मिथ्या' या शब्दाची. रोजच्या मराठीत मिथ्या म्हणजे खोटं, थाप. वेदांतात तसं नाही. सशाचं शिंग कधी कुणाला दिसलंच नाही, ते असत्. जे कधीच बदलत नाही ते सत्. जग दिसतं, म्हणून ते सशाच्या शिंगात बसत नाही. आणि सारखं बदलतं, म्हणून सत् मध्येही बसत नाही. या मधल्या गोष्टीला मिथ्या म्हणतात. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात श्वेतकेतू बारा वर्षं शिकून चोविसाव्या वर्षी घरी येतो, तो छाती फुगवूनच. वडील, म्हणजे उद्दालक, त्याला तीन दृष्टांत देतात: मातीचा गोळा, सोन्याचा गोळा आणि नखं काढायची नराणी. हो, उपनिषदात नराणी आहे. रोजचं जगणं वेदांतात शोधायचं असेल तर सुरुवात तिथूनच करावी, कारण ऋषींनी ते तिथे आधीच आणून ठेवलं आहे.

सोन्याचं मी बघितलेलं सांगतो. कुहीकडची एक म्हातारी नातवाला घेऊन आली होती. नातीचं लग्न ठरलं होतं, म्हणून जुने गोठ मोडून ठुशी करायची होती. गोठ जाड, आतून लाख भरलेले. मी लाख काढली, गोठ कापले, तुकडे मुशीत टाकले, वर टाकणखाराची चिमूट टाकली आणि ज्योत धरली. शुद्ध सोनं 1064 अंश सेल्सिअसला वितळतं, दागिन्याचं त्याच्या थोडं आधीच. आधी तुकड्यांच्या कडा लाल होतात, मग त्या ढासळायला लागतात, आणि मग एकाएकी सगळे तुकडे एकमेकांत शिरून एकच थेंब होतो. तो मुशीत हलत असतो आणि आरशासारखा लखलखतो. म्हातारी तोंडाला पदर लावून बघत होती. म्हणाली, "गेले माह्या सासूचे गोठ." मी लगड काट्यावर ठेवली. थोडी घट सोडली तर सोनं होतं तेवढंच. नातू म्हणाला, "अवं आजी, सगळं तर इथंच आहे."

दोघंही खरं बोलत होते. गोठ गेले, आणि गेलं मात्र काहीच नाही. सोन्याहून वेगळं असं गोठाचं म्हणून वजन काढायला जा, गुंजभरही निघणार नाही. वजन सगळं सोन्याचंच. पण म्हणून गोठ नव्हताच म्हणावं, तर त्या बाईने तो जन्मभर हातात घातला, भांडी घासताना त्याचा आवाज झाला, नातवंडांना तो टोचला. दिसतो, वापरता येतो, पण स्वतःचं वजन नाही: मिथ्या म्हणजे एवढंच. 'वाचारम्भणं विकारो नामधेयम्' असं उद्दालक म्हणतो, म्हणजे विकार हा वाणीने धरलेलं एक नाव आहे. गोठ हे नाव, ठुशी हे नाव.

आणि आता तुमच्या भांड्यांचं. त्या ठुशीची घडणावळ मी घेतली. सोनं तिचंच होतं, पैसे घेतले ते रूपाचे. 'रूप तर मिथ्या, मग घडणावळ कशाची?' असं विचारणारं गिऱ्हाईक 40 वर्षांत आलं नाही. व्यवहार रूपावरच चालतो आणि वेदांत त्याच्या वाटेला जात नाही. म्हणून तर सत्तेच्या तीन पायऱ्या सांगितल्या. स्वप्नातल्या नोटांनी घराचा हप्ता फिटत नाही, ते प्रातिभासिक. तुमच्या बँकेतल्या नोटांनी फिटतो, ते व्यावहारिक. स्वप्न आणि बँक ही दोन्ही ज्या जाणिवेत कळतात, ती पारमार्थिक. भांडी व्यावहारिक, खरकटं व्यावहारिक आणि घासणारे हातही व्यावहारिकच. तेव्हा घासा. खरं तर दहावीतल्या मुलाला घासायला लावा, त्याने मार्क कमी होत नाहीत.

या दृष्टांताला एक भोक आहे, तेही सांगतो. सराफाला दागिन्यात सोनंच दिसतं, पण म्हणून काही आमचा बाजार ज्ञानी लोकांनी भरलेला नाही. आम्हाला सोन्यात भाव दिसतो. दुसरं असं की सोनं डोळ्यांना दिसतं, ब्रह्म, म्हणजे या सगळ्या नामरूपांतलं ते एकच सत्, तसं समोर ठेवून बघता येत नाही. (आणि मुशीत घट येते. पूर्णातून पूर्ण काढलं तरी पूर्णच उरतं, हा शांतिमंत्रातला हिशेब कोणत्याच काट्यावर बसायचा नाही.) इथेच बहुतेक साधक अडकतात. ध्यानात उजेड दिसेल, अंगावर काटा येईल, काहीतरी होईल, अशी वाट बघत बसतात. तुम्हीही 'सापडतं कुठे' असंच विचारलं आहे. सापडणाऱ्या गोष्टींच्या यादीत ते कुठेच नाही, कारण ते यादी करणाऱ्याकडे आहे.

हे मला पुस्तकापेक्षा मोतीबिंदूने जास्त शिकवलं. साठीच्या सुमारास मला हिरे मळकट दिसायला लागले. आठवडाभर मी माल देणाऱ्या व्यापाऱ्याला बोल लावला. मग ट्यूबलाइट बदलली. मग भिंग बदललं. एका दुपारी खडा पारखताना डाव्या डोळ्यापुढे हात आला आणि खडा आणखीच धुरकटला. उजवा झाकून बघितलं तर स्वच्छ. मळ खड्यात नव्हता, माझ्या उजव्या डोळ्यात होता. इतकी वर्षं जो डोळा बघत होता, तोच आता बघितला जात होता. 'दृग्दृश्यविवेक' या वेदांताच्या छोट्या ग्रंथाची सुरुवात हीच आहे. रूप दृश्य आणि डोळा द्रष्टा. मग डोळा दृश्य आणि मन द्रष्टा. मग मनातल्या वृत्ती दृश्य आणि साक्षी, म्हणजे नुसती बघणारी जाणीव, द्रष्टा. पुढे साक्षी कशाचाच दृश्य होत नाही. डोळ्याचं आंधळेपण, मंदपण, तीक्ष्णपण मनाला कळतं, हेही तिथे लिहिलेलं आहे. मी ते कितीदा तरी वाचलं होतं, दुसऱ्यांना शिकवलं होतं, आणि तरी व्यापाऱ्याला फोन करून भांडलो होतो. आपल्या विदर्भातले माधानचे गुलाबराव महाराज (1881–1915) तान्हेपणीच दृष्टी गेलेले, लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणत. त्यांना हा श्लोक कसा उमगला असेल, असा विचार त्या दिवशी पहिल्यांदा मनात आला.

आता स्वयंपाकघरात या. केनोपनिषदात दोन शब्द आहेत, 'प्रतिबोधविदितं मतम्'. शंकराचार्य त्याचा अर्थ लावतात: बोधाबोधात, म्हणजे प्रत्येक जाणिवेत, ते कळलेलं असतं. एखाद्या खास जाणिवेत नव्हे, प्रत्येक. संध्याकाळी सात वाजता करून बघा. कुकरची शिट्टी झाली, कळली. दोन शिट्ट्यांमधली शांतता, तीही कळली. आतून सासूबाईंनी तोच प्रश्न चौथ्यांदा विचारला, कळला. चीड आली, आणि चीड आली हेही कळलं. कळलेल्या गोष्टी चार. आता कळण्याकडे बघा. शिट्टीचं कळणं कर्कश होतं का? चिडीचं कळणं चिडलेलं होतं का? उत्तर देऊ नका, पुढच्या शिट्टीला नुसतं बघा. तेवढंच. त्याला आसन लागत नाही, उदबत्ती लागत नाही, वरणाला फोडणी देता देता होतं.

तुम्ही म्हणाल, असं बघूनही चीड गेली नाही. नाहीच जाणार. हे चीड घालवायचं औषध नाही. गोठ मोडला तरच तो सोनं होतो असं थोडंच आहे? हातात असतानाही तो सोनंच होता. चिडीवर औषध हवं तर ते शम-दमाच्या, म्हणजे मन आणि इंद्रियं आवरण्याच्या खात्यात आहे, पुरेशा झोपेच्या खात्यात आहे, आठवड्यातून दोन दिवस मदतीला बाई ठेवण्याच्या खात्यात आहे. ही खाती वेगळी ठेवा. सगळा जमाखर्च ब्रह्माच्या नावावर टाकला की कोणतंच खातं जुळत नाही.

आणि साक्षीपणाचं ढोंग करू नका. मी केलं आहे. 20 एक वर्षांपूर्वीचा मे महिना, नवतपा म्हणजे ऐन उन्हाचे नऊ दिवस, पारा 46 च्या पुढे. बायकोला ताप भरलेला. मी भाष्य उघडून बसलेलो, मनात म्हणतोय की देहाला ताप येतो, देहाला उकडतं, मी तर साक्षी. स्वतःवरच खूश होतो. ती पलंगावरून म्हणाली, "तुम्ही देह नाही ना? मग कूलरचं तोंड तिकडे कायले फिरवून ठेवलं?" बघतो तर खरंच, वाळ्याच्या ताट्यांचा सगळा गारवा माझ्या पाठीवर. उठलो, कूलर फिरवला, टाकीत पाणी भरलं. पुस्तक त्या दिवशी पुन्हा उघडलं नाही. तेव्हापासून कुणी 'मी साक्षीभावात असतो' म्हणालं की मी आधी त्याच्या घरच्या कूलरचं तोंड कुणीकडे आहे ते बघतो.

सासूबाईंचं सावकाश सांगतो, कारण तिथे तुम्ही खरं दुखावलेल्या आहात. काही लोक म्हणतात की असं विसरणं म्हणजे नामरूपातून सुटणंच की. हे ऐकून घेऊ नका. तो आजार आहे, त्याला डॉक्टर आणि माणसं लागतात. त्या घाबरून विचारत असतात, त्यांना पाचव्यांदाही तितक्याच सरळपणे सांगा, "मी तुमची सून." पण रात्री अंथरुणावर तुम्ही स्वतःकडे बघू शकता, की परवा टोचलं ते नेमकं कुणाला? तुमच्यातल्या सुनेला. एवढी वर्षं केलं-सवरलं, त्याची पावती दुसऱ्याच्या आठवणीत ठेवली होती आणि ती आठवणच गेली. बँकेत ताई, घरी आई, माहेरी धाकटी, सासरी सून: ही सगळी नावं कुणाच्या ना कुणाच्या ओळखीवर टांगलेली आहेत. ओळख पुसली की नाव खाली पडतं. त्या रात्री नाव पडल्यावरही रडणं ज्याला कळत होतं, ते पडलं नव्हतं. मी याहून पुढे काही सांगणार नाही, पुढचं तुमचं तुम्ही बघा.

आमच्या परंपरेत दहाव्याची गोष्ट सांगतात. दहा जण नदी उतरतात, पलीकडे जाऊन मोजतात तर नऊच. प्रत्येक जण मोजताना स्वतःला सोडतो आणि बुडालेल्या दहाव्यासाठी सगळे गळा काढतात. एक वाटसरू म्हणतो, "दहावा तूच आहेस." वर्गात पुरुष मंडळी या गोष्टीला हसतात. बायका फारशा हसत नाहीत, कारण पंगतीला पानं मोजताना स्वतःचं पान त्यांनी कितीदा तरी सोडलेलं असतं. माझी आई हटकून सोडायची. यातून मी कुठलाही त्यागबिग काढत नाही, ती वाईट सवय आहे, तुम्ही स्वतःचं पान मोजा. पण मोजण्याची ती चूक बारकाईने बघण्यासारखी आहे. दहावा हरवला नव्हता, दुसऱ्या काठावर राहिला नव्हता, त्याला आणायला कुणी नदीत उडी मारायची नव्हती. 'तत्त्वमसि', म्हणजे 'ते तू आहेस', हे वाक्य असं चालतं. ते काही घडवत नाही, चुकलेली मोजणी दुरुस्त करतं. उद्दालकाला तेही नऊ वेळा सांगावं लागलं, तेव्हा चौथ्या वर्षी पक्कं झालं नाही म्हणून तुम्ही खट्टू होऊ नका.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाही, तो मी विचारतो. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंचा चहाचा कप वेगळा आहे का?

आपण नागपुरात राहतो, आणि इथे अद्वैत सांगणाऱ्याला दीक्षाभूमी वळसा घालून जाता येत नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला तिथे लाखो माणसांनी जे सोडलं, त्याची कारणं आमच्यासारख्यांच्या घरातच होती. 'रिडल्स इन हिंदुइझम' या बाबासाहेबांच्या निधनानंतर छापल्या गेलेल्या लिखाणात त्यांनी नेमका हाच मुद्दा घेतला आहे: सगळ्यांत एकच ब्रह्म म्हणता, लोकशाहीला याहून भक्कम पाया कुठला, मग ते समाजात का उतरलं नाही? मला याचं उत्तर देता आलेलं नाही आणि देणाऱ्यांची उत्तरं पटलेली नाहीत. आचार्यांच्याच ब्रह्मसूत्रभाष्यात शूद्रांना वेदाध्ययनाचा अधिकार नाकारणारं अधिकरण आहे. आणि त्यांच्याच नावावरच्या मनीषापंचकाच्या कथेत काशीच्या वाटेवरचा चांडाळ आचार्यांना विचारतो, 'दूर हो' म्हणतोस ते कुणाला? अन्नाच्या देहापासून अन्नाच्या देहाला, की चैतन्यापासून चैतन्याला? दोन्ही वाचावं. एक झाकून दुसरं मिरवणाऱ्याचा वर्ग सोडून द्यावा. आमच्या दुकानात जुना एक बौद्ध कारागीर आहे, त्याला आत्मा ही कल्पनाच मान्य नाही. 'शेवटी सगळं एकच' म्हणून त्याचं म्हणणं गिळून टाकण्यापेक्षा त्याच्याशी दुपारी चहावर भांडणं मला जास्त प्रामाणिक वाटतं. कप दोघांचे सारखेच असतात.

आता काही कामाच्या गोष्टी. रिकाम्या पोटी, अर्धवट झोपेत निदिध्यासन, म्हणजे ऐकलेलं मनात मुरवत बसणं, करू नका. छांदोग्यातच उद्दालक मुलाला पंधरा दिवस उपाशी ठेवतो, फक्त पाणी पी म्हणतो, आणि मग वेद म्हणायला सांगतो. श्वेतकेतूला एकही ऋचा आठवत नाही. जेवल्यावर सगळं आठवतं. 'अन्नमयं हि सोम्य मनः.' त्यामुळे बँकेतून आल्या आल्या आधी दोन घास खा, मग काय ते ब्रह्म. सकाळी, घर उठायच्या आधी पंधरा मिनिटं मिळाली तरी पुरे. झोपेतून जाग येते त्या क्षणाकडे लक्ष ठेवा: 'गाढ झोपले, काही कळलं नाही' असं आपण म्हणतो, पण काही कळलं नाही हे सांगायला कुणीतरी जागं असावं लागतं. यावर मी महिनोन्महिने काढले आहेत, तुम्हीही काढा.

वाचायला मराठीत सुरुवात करायची तर मुकुंदराजांचा विवेकसिंधू घ्या, शके 1110 चा, म्हणजे इ.स. 1188. इतक्या जुन्या मराठीत वेदांत इतका नेटका मांडला आहे की ओव्या अडल्या तरी मुद्दा अडत नाही. हा ग्रंथ अंबाजोगाईला झाला की आपल्या कुही तालुक्यातल्या वैनगंगेकाठच्या आंभोऱ्याला, हा वाद जुना आहे. आंभोऱ्याची बाजू घेताना आम्ही नागपूरकर जरा जास्तच आवाज चढवतो. अद्वैताचा ग्रंथ आमचा की तुमचा म्हणून हातघाईवर यायचं, हेही गमतीचंच. मुलाची परीक्षा झाली की एकदा सगळे मिळून आंभोऱ्याला जाऊन या, नद्यांचा संगम आहे, सासूबाईंनाही नदी बघून बरं वाटेल.

राहिलं आश्रमाचं. मुलगा दहावीत आणि सासूबाई अशा असताना जाऊ नका, हे तर तुम्हालाही ठाऊक आहे. पुढे कधी गेलात तर चांगलंच, मीही एकदा 21 दिवस एका आश्रमात राहून आलो. पहाटेचा पाठ, नदीकाठ, मौन, एक वेळचं जेवण. दोन दिवस वाटलं की आता झालंच. तिसऱ्या दिवशी पहाटे न्हाणीघरापाशी गेलो तर मी भरून ठेवलेली गरम पाण्याची बादली दुसराच एक साधक घेऊन आत शिरलेला. दार ठोठावून मी मौन मोडलं आणि जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. बादली आश्रमाची होती, पाणी आश्रमाचं होतं, लाकडंही त्यांचीच. 'माझी' एवढंच काय ते मी नागपूरहून नेलं होतं.